पोकळ आणि भरीव : एका वाद्याच्या किमतीचा इतिहास

सरकारी नोकरीच्या निमित्ताने मुलूख सोडून राहणाऱ्यांच्या बिऱ्हाडात वस्तू बेताच्याच असतात. दर तीन-चार वर्षांनी त्या साऱ्या खोक्यांत भरून पुढल्या गावी न्याव्या लागतात. त्यामुळे घरात नवी वस्तू येऊ घातली की तिची बांधाबांध कशी होणार, हा विचार आमच्या मनात प्रथम येतो आणि तिची किंमत काय, हा त्याच्या पाठोपाठ. कोलकात्याच्या मुक्कामात आमच्या कन्येने विजेवर वाजणारी गिटार मागितली, तेव्हा हे दोन्ही प्रश्न आम्ही यथाक्रम विचारले. तिला हवी होती ती 'सेमी-हॉलो', म्हणजे अर्धपोकळ जातीची. ती आगगाडीच्या बाकाखाली मावते आणि डोळसपणे शोधली तर परवडतेही, असे तिने आम्हांस सांगितले.

लालबाजाराच्या बाजूने रवींद्र सरणीवर, म्हणजे जुन्या लोअर चितपूर रोडवर, वाद्यांची दुकाने ओळीने आहेत. त्यांपैकी एका दुकानात आम्ही गेलो. वाद्य देखणे होते. तारांच्या दोन्ही बाजूंस व्हायोलिनला असतात तशी वळणदार छिद्रे, चेरीसारखा तांबडा रंग आणि किंमत आमच्या आवाक्यातली. आम्ही जाणत्याचा आव आणून त्यावर टिचकी मारली आणि लाकूड कोणते, असे विचारले. दुकानदार प्रामाणिक गृहस्थ होते. "प्लायवूड," ते म्हणाले. चहाची खोकी ज्याची करतात ते प्लायवूड! आम्ही तत्काळ निकाल दिला : घ्यायची तर अस्सल घेऊ, महागाई भत्त्याची थकबाकी हाती येईपर्यंत थांबू. त्यावर कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, अस्सल असते तीसुद्धा प्लायवूडचीच असते."

हे विधान खोटे ठरविण्याच्या इराद्याने आम्ही वाचावयास बसलो. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे सांगण्याचा विचार आहे.

*

पोकळ वाद्य आपणांस नवे नाही. मिरजेचा तंबोरा ज्याने जवळून पाहिला आहे त्याला भोपळ्याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. तार एकटी छेडली तर तिचा आवाज चार हातांवरही नीट पोहोचत नाही, कारण एवढीशी तार हवा ती किती हलविणार? ती आपला कंप घोडीच्या वाटे तबलीस देते, तबली आतल्या हवेस देते, आणि मग दालन भरते. गिटारचे तत्त्व हेच. अमेरिकेत मिशिगन राज्यातील कॅलमझू या गावी ऑर्व्हिल गिब्सन नावाचा कारागीर व्हायोलिनप्रमाणे लाकूड कोरून वाद्यांची पाठपोटे घडवीत असे. त्याच्या नावाने १९०२ साली तेथे कंपनी स्थापन झाली. १९२२ साली लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली याच कंपनीने 'एल ५' ही व्हायोलिनसारख्या छिद्रांची गिटार बाजारात आणली. तिची तबली अखंड स्प्रूस लाकडातून कोरलेली असे. हे काम वेळखाऊ आणि म्हणून महाग होते.

परंतु नृत्यगृहांतील वाद्यवृंद मोठे झाले, आणि कर्ण्यासारख्या पितळी वाद्यांच्या गजरात हे कोरीव पोट कोणास ऐकू येईना. १९३० नंतरच्या दशकात यावर विजेचा उपाय निघाला. लोहचुंबकाभोवती तांब्याची केसासारखी बारीक तार हजारो वेढे देऊन गुंडाळायची आणि तो डबा वाद्याच्या पोलादी तारांखाली बसवायचा. तार हलली की वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो ध्वनिवर्धकाने वाढविला की झाले. या डब्यास 'पिकअप' म्हणतात. १९३६ साली गिब्सन कंपनीने 'ई.एस. १५०' हे वाद्य विकावयास काढले. त्या नावातील दोन अक्षरांचा अर्थ 'इलेक्ट्रिक स्पॅनिश' असा आहे. मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याच्या हवाईयन गिटारहून ती निराळी, हे सांगण्यासाठी तो शब्द. ही हवाईयन पद्धत बंगालात एके काळी घरोघर होती, हे कोलकात्यास राहिलेल्या वाचकांस ठाऊक असेलच. चार्ली ख्रिश्चन हा कृष्णवर्णीय तरुण १९३९ साली बेनी गुडमन याच्या वाद्यवृंदात ही विजेची गिटार घेऊन आला, आणि आजवर मागे बसून ताल धरणारे हे वाद्य क्लॅरिनेटच्या बरोबरीने पुढे येऊन बोलू लागले. १९४२ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला.

मात्र या उपायातून एक नवेच संकट उभे राहिले. ध्वनिवर्धकाचा आवाज वाढविला की तो आवाज उलट येऊन वाद्याच्या पोकळ पोटावर आदळे. पोट थरथरले की तारा थरथरत. तारांचा कंप पुन्हा ध्वनिवर्धकात जाई. आणि क्षणार्धात या चक्रातून असह्य किंकाळी उठे. सार्वजनिक सभेत ध्वनिक्षेपक कण्याजवळ नेल्यावर जी किंकाळी फुटते तीच ही. ज्या पोकळीमुळे वाद्यास आवाज मिळाला होता तीच पोकळी आता त्यास नडू लागली.

यावर दोन टोकांचे दोन विचार पुढे आले. पहिला असा की, आवाज वीजच देणार असेल तर पोट हवे कशाला? लेस पॉल नावाच्या गिटारवादकाने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्क येथील एपिफोन कंपनीच्या कारखान्यात, सुटीच्या दिवशी, चार इंची चौरस पाइनच्या ओंडक्यावर तारा चढविल्या. वाद्य वाजले उत्तम. पण श्रोत्यांस ते वाद्य वाटेना. तेव्हा त्याने एका पोकळ गिटारचे दोन भाग करून ते ओंडक्याच्या दोन्ही अंगांस पंखांसारखे जोडले. मध्ये भरीव आणि कडेस पोकळ अशी ही रचना केवळ डोळ्यांच्या समाधानासाठी झाली होती. तिच्यात पुढच्या एका युक्तीचे बीज आहे हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले नाही. पुढे १९५० साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर याने सर्वस्वी भरीव गिटार बाजारात आणली, आणि १९५२ साली गिब्सननेही लेस पॉलच्या नावाने आपली भरीव गिटार काढली.

दुसरा विचार असा की, पोट राहू द्यावे, पण ते जरा मंद करावे. १९४९ साली गिब्सनने 'ई.एस. १७५' काढली, तिची किंमतही तेवढेच डॉलर होती. तिची तबली अखंड लाकडाची नव्हती. मेपलचे पातळ थर एकमेकांस चिकटवून, साच्यात दाबून ती केलेली होती. अशी तबली सहजासहजी थरथरत नाही, म्हणून किंकाळी कमी. आणि ती कोरावी लागत नाही, म्हणून खर्चही कमी. एकमेकांवर चिकटविलेल्या लाकडाच्या थरांस बाजारात काय म्हणतात, ते वाचकांस सांगावयास नको. ते प्लायवूडच होय. आमच्या पराभवाची ही पहिली चाहूल होती.

*

१९५८ साल हे या इतिहासाचे मध्यवर्ती वर्ष. गिब्सन कंपनीचे अध्यक्ष तेव्हा टेड मॅकार्टी हे होते. ते वादक नव्हते, शिक्षणाने अभियंता होते. आणि दोन भांडणाऱ्या पक्षांकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहणे कदाचित त्यामुळेच त्यांस साधले असावे. पोकळ गिटारचा सूर उबदार, पण चटकन विरणारा. कारण तारेची शक्ती तबलीतून हवेत निघून जाते. भरीव गिटारचा सूर दीर्घ, पण काहीसा कोरडा. मॅकार्टी यांच्या कारखान्याने त्या वर्षी 'ई.एस. ३३५' तयार केली. तिचे पोट साधारण पावणेदोन इंच जाड, म्हणजे जुन्या पोकळ गिटारच्या निम्मेच. त्या पोटात मानेपासून शेपटापर्यंत मेपलचा एक भरीव ठोकळा बसविलेला आणि त्याच्या दोन्ही अंगांस पोकळ कप्पे ठेवलेले. तारा, घोडी आणि पिकअप यांस ठोकळ्याचा आधार मिळे, म्हणून सूर टिके आणि किंकाळी आवरे. कडेच्या पोकळ्यांमुळे त्या सुरात थोडा श्वास राही. पिकअप होते सेथ लव्हर या अभियंत्याने योजलेले. त्यांत दोन वेढे परस्परविरुद्ध जोडल्यामुळे विजेची घुरघुर आपोआप पुसली जाई.

आणि या वाद्याचे पोटपाठ, पहिल्या दिवसापासून, प्लायवूडचे होते. मध्ये पॉपलरसारखे साधे लाकूड, वर आणि खाली मेपल. किंमत होती २६७ डॉलर ५० सेंट.

ज्या निर्णयाने दोन्ही पक्ष अर्धेमुर्धे नाराज होतात, त्यास आमच्या कार्यालयीन परिभाषेत तडजोड म्हणतात. ही तडजोड त्यास अपवाद ठरली. तिच्याच कुळातील 'ई.एस. ३५५' बी. बी. किंग यांनी दीर्घकाळ वाजविली. जॅझवाले, ब्लूजवाले, रॉकवाले हे एरवी एकमेकांच्या पंक्तीस न बसणारे लोक या एका वाद्यापाशी एकत्र आले. भरीव 'लेस पॉल' खपेना म्हणून १९६१ साली तिचे रूप कंपनीने पार बदलले आणि १९६८ साली जुने रूप परत आणले; ३३५ वर मात्र अशी पाळी आली नाही.

*

तथापि २६७ डॉलर ही १९५८ साली सामान्य अमेरिकनासही सोपी रक्कम नव्हती. ज्या ब्लूज संगीतामुळे या वाद्यास प्रतिष्ठा मिळाली ते संगीत दक्षिणेतील कापसाच्या शेतांवर राबणाऱ्यांचे होते. त्यांच्या हाती कोणती वाद्ये होती, हा प्रश्न इतिहासलेखकाने टाळता कामा नये.

त्यांच्या हाती होती ती टपालाने आलेली वाद्ये. शिकागोच्या सीअर्स, रोबक या पेढीचा जाडजूड सूचिग्रंथ खेडोपाडी जाई, आणि नांगरापासून गिटारपर्यंत सारे त्यातून मागविता येई. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकास गावच्या दुकानात गोऱ्यांचे झाल्यावर उभे राहावे लागे, आणि पुष्कळदा दुकानदार देईल ते घ्यावे लागे. टपालाची मागणी भरताना मात्र कातडीचा रंग लिहावा लागत नसे. सीअर्स आपल्या गिटार 'सिल्व्हरटोन' या नावाने विकी. त्या करीत असे शिकागोची हार्मनी कंपनी आणि तिच्यासारख्या इतर कंपन्या. १९५४ पासून त्यांत नेथन डॅनियल यांच्या 'डॅनइलेक्ट्रो' या न्यू जर्सीतील कारखान्याची भर पडली. डॅनियल यांच्या गिटारचे अंग म्हणजे साध्या लाकडाची चौकट, तिच्या वर-खाली लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेले मॅसोनाइटचे पत्रे आणि कडेने चिकटविलेली पट्टी. पिकअप बसविलेले असत ओठांच्या रंगाच्या नळकांड्यांत! म्हणजे ३३५ च्या आधीच, मध्ये आधार आणि कडेस पोकळी असलेले एक वाद्य, प्लायवूडहूनही हलक्या मालाचे, गरिबांच्या पोरांसाठी तयार होत होते. पुढे इंग्लंडच्या जिमी पेज यांनी हजारो श्रोत्यांपुढे हीच डॅनइलेक्ट्रो वाजविली, तेव्हा कोणी मॅसोनाइटची तक्रार केल्याचे आमच्या वाचनात नाही.

बी. बी. किंग यांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सॉ राज्यातील ट्विस्ट या गावी एका नाचघरात ते वाजवीत होते. ऊब मिळावी म्हणून रॉकेल पेटविलेले भांडे मध्ये ठेवले होते. दोन पुरुषांच्या मारामारीत ते उलथले, घर पेटले, आणि सारे बाहेर धावले. बाहेर आल्यावर किंग यांस आठवले की गिटार आतच राहिली. ते जळत्या घरात परत शिरले आणि ती घेऊन आले. भांडण ल्यूसिल नावाच्या स्त्रीवरून होते असे दुसऱ्या दिवशी कळले; तेव्हापासून आपल्या प्रत्येक गिटारला त्यांनी तेच नाव दिले. त्या दिवशी ज्या वाद्यासाठी त्यांनी जीव धोक्यात घातला त्याची किंमत तीस डॉलर होती. १९८० साली कंपनीने त्यांच्या नावाची 'ल्यूसिल' काढली, तिला ती वळणदार छिद्रेच ठेवली नाहीत. किंकाळीचा तेवढाच धोका कमी.

*

आता आमच्यापुढील वाद्याकडे येतो. ज्या एपिफोनच्या कारखान्यात लेस पॉलने ओंडका जोडला, ती कंपनी मूळची स्टॅथोपुलो या ग्रीक कुटुंबाची. एपॅमिनॉन्डस, म्हणजे 'एपी', याच्या नावावरून तिचे नाव पडले, आणि त्या काळी ती गिब्सनची तुल्यबळ प्रतिस्पर्धी होती. १९४३ साली एपी वारला, घर विसकटले, आणि १९५७ साली गिब्सनच्या मालकांनी ही कंपनी अवघ्या वीस हजार डॉलरांत विकत घेतली. त्यानंतर सुमारे दहा-बारा वर्षे एपिफोनची वाद्ये कॅलमझू येथेच, त्याच छपराखाली होत. १९६२ ची एपिफोन 'रिव्हिएरा' ही ३३५ ची सख्खी बहीणच म्हणावी. मात्र १९६१ ची 'कॅसिनो' दिसावयास तशीच असूनही संपूर्ण पोकळ आहे; तिच्या पोटात ठोकळा नाही. खरेदी करणाऱ्याने हा भेद विसरू नये.

१९७० साली एपिफोनचे काम जपानात मात्सुमोतो येथे गेले. ते ज्या मात्सुमोकू कारखान्याकडे गेले, त्याने आधी सिंगरच्या शिवणयंत्रांच्या लाकडी पेट्या केल्या होत्या. त्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन वाद्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करू लागले. १९७७ साली गिब्सनच्या बाजूने 'इबानेझ' गिटारच्या अमेरिकेतील वितरकाविरुद्ध दावा दाखल झाला. वाद होता खुंट्यांच्या फळीच्या आकाराचा. दावा आपसांत मिटला, पण त्यातून एक गोष्ट उघड झाली : फळीच्या आकारावरून भांडावे लागते, याचा अर्थ बाकीच्या वाद्यात भांडण्याजोगे अंतर फारसे उरले नव्हते. इबानेझने पुढे स्वतःची अर्धपोकळ वाद्ये घडविली. २००२ पासूनची तिची 'आर्टकोअर' माला आजही परवडणाऱ्या वाद्यांत गणली जाते. जपानात मजुरी आणि येन दोन्ही चढल्यावर काम कोरियात गेले. १९९७ साली आलेली एपिफोनची साधी, परवडणारी 'डॉट' पुष्कळांची पहिली अर्धपोकळ गिटार ठरली. २००४ साली चीनमधील चिंगदाओ येथे एपिफोनचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. चितपूर रोडवरचे आमचे वाद्य तेथलेच.

ही स्वस्ताई कोणास फुकट मिळालेली नाही, हेही नमूद करणे प्राप्त आहे. १९८४ साली गिब्सनने कॅलमझूचा कारखाना बंद करून सारे काम नॅशव्हिल येथे नेले. ज्यांस गाव सोडावयाचे नव्हते अशा काही कारागिरांनी १९८५ साली त्याच जुन्या इमारतीत 'हेरिटेज' नावाने गिटार करण्यास आरंभ केला. कोरियात २००७ साली कॉर्ट कंपनीने आपले तेथील कारखाने बंद केले. इंडोनेशिया आणि चीन येथील तिचे कारखाने चालूच राहिले. कामावरून गेलेल्यांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. त्याचा समझोता २०१९ साली झाला, म्हणजे जवळजवळ बारा वर्षांनी. आम्ही सरकारी नोकर बदलीच्या नावाने कुरकुरतो. परंतु आमची बदली झाली तर नोकरी आमच्याबरोबर येते. या लोकांच्या नोकरीचीच बदली झाली, आणि ते मागे राहिले.

*

सारांश, कन्येचे म्हणणे खरे ठरले. महागड्या वाद्यात आणि परवडणाऱ्या वाद्यात अंतर नाही असे नव्हे. पिकअप, खुंट्या, पडद्यांच्या टोकांची घासणी, रंगाचा पातळ थर आणि ते सारे तपासणारी नजर यांस मोल पडते. पण किमतीतील सुमारे पाचपट अंतराचा मोठा भाग मजुरीचा आणि नावाचा आहे. लाकडाच्या जातिवंतपणाचा नाही.

एवढे समजल्यावर आम्ही पुन्हा त्या दुकानी गेलो. छिद्रातून विजेरीचा प्रकाश टाकून मधला ठोकळा पाहिला. दांडी डोळ्याच्या रेषेत धरून ती सरळ आहे ना, हे पाहिले. पडद्यांच्या टोकांवरून बोट फिरविले. ते कोठे खरचटले नाही. प्रत्येक पडद्यावर सूर दाबून कन्येने तो खरा लागतो की नाही ते ऐकले, आणि ध्वनिवर्धक मोठा करून वाद्य किंचाळते का तेही अजमावले.

मग दुकानदारांनी माहितीचे कार्ड दिले. पडदे ज्यावर बसवितात त्या पट्टीचे लाकूड त्यावर 'इंडियन लॉरेल' असे लिहिले होते. पूर्वी या कामी बहुधा शिसव वापरीत. २०१७ च्या आरंभी शिसवाच्या प्रजातीतील सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांस त्यांतून सूट मिळाली, पण मधल्या काळात पुष्कळ कारखान्यांनी दुसरी लाकडे शोधली होती. हे 'लॉरेल' म्हणजे कोण, म्हणून आम्ही वनस्पतीचे शास्त्रीय नाव पाहिले, आणि थबकलो. तो आपला ऐन होता. सुसरीच्या पाठीसारखी साल असलेला, सह्याद्रीच्या रानातला ऐन. रत्नागिरीकडील आमच्या घराचे वासे ऐनाचे होते.

त्या वाशांखाली आमचे तीर्थरूप संध्याकाळी बसत. ते टपाल खात्यात होते. कान उत्तम, भजनाची गोडी मोठी. पेटी घ्यावी असे त्यांच्या मनात फार होते. पण 'घेईन तर चांगलीच घेईन, हलकी घेणार नाही' असे ते म्हणत. चांगलीची किंमत दरसाल त्यांच्या पगाराच्या दोन पावले पुढे राहिली. ते निवृत्त झाले, पुढे वारलेही. पेटी घरात आली नाही. जेवणाच्या टेबलाच्या कडेवर त्यांची बोटे चालत, ती आम्हांस अजून दिसतात. चितपूर रोडवर 'अस्सल घेऊ, थांबू' असे आम्ही म्हणालो, तेव्हा ते शब्द आमचे नव्हते हे आम्हांस घरी आल्यावर उमगले.

गिटार आम्ही घेतली. थकबाकी अद्याप मिळावयाची आहे. मध्यंतरी बदलीचा हुकूम आला, आणि खोकी भरावयास काढली तेव्हा पहिली बांधाबांध आम्ही त्या वाद्याची केली. आगगाडीच्या बाकाखाली ते बरोबर मावले.